लाईट गेली तरी तास चालू राहावा: मराठवाड्यातल्या शाळेत तंत्रज्ञान कसं बसवायचं

लोकवर्गणी जमली की पहिला वाद होतो तो टीव्ही किती इंची घ्यायचा यावर. हा वाद सगळ्यात शेवटी घाला. बंद पडलेली ‘डिजिटल’ खोली उघडून पाहा. पडदा सहसा धड असतो. बॅटरी बाद झालेली असते, नेटचं रिचार्ज संपलेलं असतं, नाहीतर ज्या गुरुजींना पासवर्ड माहीत होता त्यांची बदली झालेली असते. म्हणून आधी वीज बघा, मग नेटशिवाय चालणारं साहित्य, मग तास कसा घ्यायचा ते, आणि यंत्र त्यानंतर. बीड-जालन्याच्या वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा असो की लातूर-नांदेडची शहरातली, हा क्रम बदलत नाही.

अर्थिंग आणि बॅटरी

वायरमनला बोलवा आणि मल्टीमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नकोत. दुसरं माप फारच कमी आलं तर बोर्डात तिसरं भोक आहे, पण त्यामागे अर्थिंग नाही असं समजा. आपल्या काळ्या मातीत ही भानगड उन्हाळ्यात हमखास होते. माती वाळते, भेगा पडतात, पाईपाला धरून राहत नाही आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठ-दहा दिवसांनी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम कुणाकडे तरी नेमून द्या. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असेल तर पाणी जास्त दिवस टिकतं.

शेतीपंप सुरू झाले की विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो, पण त्याचा फार बाऊ करू नका. बहुतेक एलईडी टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. यंत्र जळतं ते लाईट परत येताना, किंवा लाईनचा न्यूट्रल तुटून दाब एकदम वर गेल्यावर. लाईट गेली की पिन काढायची, आली की पाच मिनिटं थांबून लावायची. ही सवय स्टॅबिलायझरपेक्षा उपयोगी आणि फुकट. वळवाच्या आणि परतीच्या पावसात डिशची केबलही टीव्हीपासून सोडवा, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही येतो.

इन्व्हर्टरचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या, सातवीला जमतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वजा केली की हाती साधारण ७२० उरते. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० वॅट, लॅपटॉप ४०, राऊटर आणि स्पीकर मिळून २०, असे १४० वॅट धरले तर पाच तास निघतात. त्याच बॅटरीवर २८० वॅटचा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप लावला तर सव्वादोन तासांत सगळं संपतं. शिवाय पत्र्याच्या खोलीत दुपारी उजेड इतका असतो की प्रोजेक्टरवरचा नकाशा धुवून निघाल्यासारखा दिसतो, आणि खिडक्या लावल्या तर मुलं उकडतात. रोजच्या वर्गाला टीव्हीच घ्या. प्रोजेक्टर सभागृह असेल आणि साठ-सत्तर मुलं एकत्र बसत असतील तरच. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच पाडायचा नाही, आणि हवेची जाळी दर महिन्याला झटकायची. आपल्या धुळीपुढे ती महिनाभरच तग धरते.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. ‘पाणी ते पाणी’ म्हणून बोअरचं ओतलं की त्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि पाच वर्षं चालणारी बॅटरी दीड वर्षात हातपाय गाळते. आरओचं पाणीही चालत नाही. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि ती बदलून यायला पंधरा दिवस लागले, तर त्या काळात बॅटरी पार रिकामी करू नका. रिकाम्या पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो, मग ती पुन्हा नीट भरत नाही. सौर पॅनेल असेल तर ३३० वॅटच्या एका पॅनेलकडून आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास धरा. काच पुसायची ती सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

नेट येईल या भरवशावर तास ठेवू नका

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने उघडतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. घोटाळा होतो तो कोड वर्गात, मुलांसमोर स्कॅन करण्यात. गोल चक्र फिरत राहतं, मुलं कुजबुजायला लागतात आणि तासाची दहा मिनिटं जातात. आठवड्याचे धडे रविवारी, रेंज असेल तिथे बसून, ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा. वर्गात जाण्याआधी फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक व्हिडिओ एकदा उघडून बघा. तिथे उघडला तरच तो खरा उतरलेला आहे. यूट्यूबच्या ऑफलाईनवर विसंबू नका, काही काळाने ते पुन्हा नेट मागतं.

पेनड्राईव्ह थेट टीव्हीला लावणार असाल तर तीन अडचणी येतात. पेनड्राईव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाईल त्यात बसत नाही. जुन्या टीव्हीला नवीन एचईव्हीसी पद्धतीचे व्हिडिओ चालत नाहीत. आवाज येतो, चित्र येत नाही. अशा वेळी तीच फाईल एच.२६४ च्या एमपी४ मध्ये बदलून घ्या. आणि फाईलला देवनागरी नाव दिलं की काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात, म्हणून नावं आकड्यांत ठेवा: इयत्ता, विषयाचा क्रमांक, धडा. ४-२-०७ म्हणजे चौथी, गणित, सातवा धडा. (टीव्हीसाठी हे आकडे इंग्रजी टाइप करा.)

या आकड्यांची एक कागदी नोंदवही करा. चार रकाने पुरतात: फाईलचा क्रमांक, किती मिनिटांची, पुस्तकातलं पान, आणि कुठे थांबवून काय विचारायचं. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात टिकाऊ वस्तू ही वहीच ठरते. पेनड्राईव्ह हरवतो, गुरुजी बदलतात, वही कपाटात राहते.

थोडी हौस असेल तर जुना चार जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एक साधा राऊटर घेऊन शाळेपुरतं, बाहेरच्या जगाशी न जोडलेलं नेट उभं करता येतं. ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. लॅपटॉपवर धडे साठवायचे आणि टॅब राऊटरला जोडून ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकायचा. ‘किविक्स’मध्ये अख्खा मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. मोठ्या फाईली तालुक्याच्या ठिकाणी ब्रॉडबँडवर उतरवून आणा. मराठीतलं साहित्य हिंदी-इंग्रजीपेक्षा पुष्कळ कमी आहे, तेव्हा आधी यादी बघा आणि मगच जीबी खर्च करा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. राऊटर सुरू केला की लॅपटॉपचा पत्ता बदलतो आणि काल चालणारा पत्ता आज चालत नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये तो लॅपटॉपसाठी कायम करून ठेवा. दुसरी जास्त फसवी आहे. ‘या वायफायला इंटरनेट नाही’ असं बघून टॅब गुपचूप जोडणी सोडतो. सिम असेल तर मोबाईल डेटावर जातो. ‘तरीही जोडलेलं ठेवा’ हा पर्याय प्रत्येक टॅबवर एकदा निवडावा लागतो. साध्या राऊटरवर पंधराच्या वर टॅब एकाच वेळी व्हिडिओ बघू लागले की सगळेच अडखळतात, म्हणून दोन गट करा.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशनं (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) घ्या. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत, आणि एकेक फाईल उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन दाखवण्याआधी मात्र खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब मुलांच्या हातात द्या. पडद्यावर इलेक्ट्रॉन धावताना दिसतात ही त्याची जमेची बाजू. तारेचं टोक गंजलेलं असणं हे तिथे कळत नाही.

एक तास जवळून: छपरावरचं पाणी

सातवी-आठवीचा वर्ग, जुलै महिना. एक संगणक किंवा लॅपटॉप आणि टीव्ही पुरे. सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळाचा खोलगट भाग भरेल इतकं पाणी घालून तिथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचं, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. सकाळच्या शाळेत मुलं तेव्हा हजरच असतात. दुपारच्या शाळेत जवळ राहणाऱ्या दोघांवर ते काम सोपवा.

संगणकाला हात लावण्याआधी फळ्यावर प्रश्न लिहा: काल २५ मिमी पाऊस झाला, आपल्या छपरावरून किती घागरी पाणी वाहून गेलं? प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. अंदाज पन्नास घागरींपासून एक लाखापर्यंत येतात, येऊ द्या. मग छप्पर मोजायचं. समजा ६ बाय १० मीटर निघालं, म्हणजे ६० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे सांगून टाकू नका. मीटर-सेंटिमीटरच्या हिशोबाने मुलांनाच काढू द्या, पाच-सात मिनिटं लागतात. स्लॅबवरून थोडं पाणी मुरतं, वाफ होतं, म्हणून ०.८ ने गुणायचं. ६० गुणिले २५ गुणिले ०.८, म्हणजे १,२०० लिटर.

आता संगणकावर स्प्रेडशीट (एक्सेलसारखी शीट) उघडा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात सूत्र. पुढचा पाऊण तास मुलं ज्या चुका करतात, त्यात बरंच शिकणं आहे. कुणीतरी रकान्यात ‘२५ मिमी’ असं लिहितं आणि उत्तराच्या जागी चूक दाखवली जाते. संगणकाला तो शब्द वाटतो, संख्या नाही. एकक वर मथळ्यात लिहायचं असतं. देवनागरी अंक टाकले तरी बऱ्याचदा असंच होतं, म्हणून शीटमध्ये अंक इंग्रजी ठेवा. तारखेचा घोळ जास्त खोल आहे. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ७ ऑगस्ट म्हणून लिहिलेली तारीख तो ८ जुलै धरतो, १३ तारखेपासून पुढच्या तारखा शब्द समजतो, आणि आलेख वेडावाकडा होतो. प्रदेश ‘भारत’ करून घ्या, पण मुलांनी घोळ एकदा पाहिल्यानंतरच.

शेवटी जायकवाडीची बातमी आणा. पेपरात टीएमसी असतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. हा आकडा शीटमध्ये टाकला की रकाना अरुंद असल्याने जाळीच्या खुणा दिसतात, किंवा मधे ‘ई’ असलेली चमत्कारिक संख्या येते. तिथे दहाचा घात शिकवायची आयती संधी मिळते, सोडू नका. आपल्या छपरासारखी किती छपरं एक टीएमसीला लागतील? २५ मिमीच्या एका पावसात सुमारे दोन कोटी छत्तीस लाख. हे उत्तर आल्यावर वर्गात शांतता होते आणि मग कुणीतरी विचारतं, मग एवढं पाणी जातं कुठं? तिथून भूगोलाचा तास सुरू होतो, आणि त्याला पडदा लागत नाही.

व्हिडिओ दाखवायचा असेल तर हेच धोरण. तीन-चार मिनिटांचा तुकडा, त्याआधी फळ्यावर प्रश्न, मधे दोनदा थांबवणं. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा आणि काय चाललंय ते मुलांना बोलू द्या. निवेदकाच्या पुस्तकी मराठीपेक्षा त्यांची भाषा विषयाच्या जास्त जवळ जाते. माऊस कुणाच्या हातात आहे हेही बघा. हुशार म्हणवला जाणारा एकच मुलगा वर्षभर संगणकाशी बसतो आणि मुली मागून बघतात, असं होऊ नये म्हणून हजेरीच्या क्रमाने पाळी लावा.

द्विशिक्षकी शाळेत मोह होतो तो वेगळाच: दुसरीला टीव्ही लावून द्यायचा आणि चौथीला शिकवायचं. दहा मिनिटं शांतता मिळते, पण दुसरीच्या पदरात काही पडत नाही. त्यापेक्षा लहान वर्गाला दोघांत एक टॅब आणि कागदावर लिहून दाखवायचं एक काम द्या, तेही पंधरा मिनिटांपुरतं. कागदावर काही उमटलं नाही तर टॅबवर काय झालं ते कळायला मार्ग नाही. फोटो काढून वर पाठवला म्हणजे शिकवलं, असा हिशोब ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

फोन हेच यंत्र असेल तर

पीव्हीसी पाईपचे तुकडे जोडून फोन आडवा धरणारा स्टँड करा, खाली वही ठेवा, कॅमेरा सुरू करा आणि चित्र टीव्हीवर टाका. मुलाने वहीत केलेला भागाकार सगळ्या वर्गाला दिसतो, ही फोनची सगळ्यात मोलाची कामगिरी. टाइप-सीचं एचडीएमआय ॲडॅप्टर घेण्याआधी थांबा: स्वस्तातल्या बऱ्याच फोनच्या त्या खाचेतून चित्र बाहेर जातच नाही, ॲडॅप्टर कितीही चांगलं असो. दुकानात स्वतःच्या फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टीव्हीत मिराकास्ट (बिनतारी चित्र पाठवायची सोय) असेल आणि फोनमध्येही असेल, तर राऊटर आणि नेट दोन्हीशिवाय जोडणी होते.

मुलांकडे काहीच साधन नसेल तरी ‘प्लिकर्स’ वापरता येतं. प्रत्येक मुलाला छापलेलं एक कार्ड द्यायचं, उत्तराप्रमाणे ते चारपैकी एका बाजूने वर धरायचं, गुरुजींनी फोन फिरवून सगळी वाचून घ्यायची. याला नेट लागतं, हॉटस्पॉट चालतो. कार्ड चकचकीत कागदावर छापू किंवा लॅमिनेट करू नका. उन्हाची चकाकी आली की फोनला वाचता येत नाही. शेजाऱ्याचं बघून उत्तर बदलणं आपोआप थांबतं, कारण प्रत्येकाच्या कार्डाची नक्षी वेगळी असते.

कोयत्यावर गेलेल्या घरची मुलं

दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, जालन्याकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात, काही उसाच्या फडावर जातात. त्यांच्याशी ऑनलाईन तास घेण्याचा हट्ट धरू नका. फोन दिवसभर बापाच्या खिशात असतो, कोपीवर (फडावरच्या झोपडीत) चार्जिंगची सोय असेलच असं नाही, आणि रात्री आठनंतर सगळे थकलेले असतात. चालतं ते एवढंच: दीड मिनिटाचा आवाजी निरोप, मुलाचं नाव घेऊन, एका कामासह. एका मिनिटाच्या आवाजाला शंभर-दीडशे केबीच लागतात, कमकुवत रेंजवरही जातो. सोबत एका पानाचा फोटो. ‘आजचं वाचून दाखव आणि आवाज पाठव’ असं सांगितलं तर आई स्वतः शाळा शिकलेली नसली तरी तिला मदत करता येते. निघण्याआधीच नंबर घ्या, तो मुकादमाचा (टोळी नेणाऱ्याचा) नको, घरच्याच माणसाचा, आणि तो चालतो का ते एकदा लावून बघा.

मुलांचे चेहरे, नावं आणि आधार क्रमांक गावच्या गटावर टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. प्रवेशाच्या वेळीच एका कागदावर सही घेऊन ठेवा.

मराठी टाइप करणं

प्रश्नपत्रिका अजूनही जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या सापडतात. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, फोनवर तर वाचताच येत नाहीत. एकदाच बसून युनिकोडवर (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या टायपिंगवर) या. इनस्क्रिप्ट कीबोर्डला पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर हात बसतो: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि जोडाक्षरासाठी मधे हलन्त. मुलांनाही हाच शिकवा. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा सोपा वाटतो, पण त्यात ‘ळ’ आणि ‘ण’ कुठून आणायचे हे पोरांना इंग्रजीतून आठवावं लागतं.

एआयकडून प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा घ्यायला हरकत नाही, पण धड्याचा मजकूर आपण द्यायचा आणि त्यावरच प्रश्न मागायचे. गावाबद्दल, तालुक्याबद्दल विचारलं की तो ठासून खोटं सांगतो. अनुस्वार आणि वेलांट्या तुम्हीच तपासा.

सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर

ईमेल, दीक्षा, राऊटर, टॅब, सगळी खाती शाळेच्या नावाने काढा, गुरुजींच्या नाही. पासवर्ड परत मिळवायचा नंबर मुख्याध्यापकांकडच्या शाळेच्या सिमचा असू द्या, आणि सगळे पासवर्ड एका पाकिटात, नोंदवहीसोबत. बदलीचा आदेश आला की चार्ज देताना हे पाकीट डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या, यादीत लिहून द्यायचं.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाट तापतं, आणि लिथियम बॅटरीला पूर्ण भरून उन्हात ठेवणं सगळ्यात वाईट. टॅब निम्मे चार्ज करून बंद करा आणि स्लॅबच्या खोलीत ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र उलट: पूर्ण भरून, पाणी घालून, आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन चार्जिंगला लावेल अशी सोय करून. वायरी भिंतीलगत जमिनीवर सोडू नका, उंदीर आधी तिथेच येतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन दिवस आधी टीव्ही आणि सीपीयू पिन न लावता मागून बघा. जाळीच्या आत पालीने अंडी घातलेली असतात; ती ब्रशने काढून, तासभर उघडं ठेवून मग बटण दाबा.